शून्य ते चार

मॅचला दीड तास. स्टेडियमच्या जिन्याखाली
कुरणे मॅडमनी एकेकाला कागद दिला,
पाठीला पुठ्ठा, पुठ्ठ्याला दोरीनं बांधलेलं पेन.
विद्यापीठातून आल्यात. आमच्या मनाचं माप घेतात.
‘आत्ता, या क्षणी, किती वाटतंय?’
घाबरलेला. चिडलेला. उत्साही. दमलेला. गोंधळलेला.
प्रत्येकापुढं चौकोन, शून्य ते चार.

आमच्या स्टॉपरनं सगळीकडं चारच मारले,
‘दमलेला’लासुद्धा.
म्हणाला, मार्क कमी कशाला पाडायचे?

मी गोलकीपर. मला वेळ असतो.

‘चिडलेला’पाशी पेन थांबलं.
तौफिक मुजावर यंदा पलीकडच्या पेठेकडनं खेळतोय.
सात वर्षं दोघांत एक सायकल,
शिनगार्डचा एक जोड, डावा त्याचा, उजवा माझा,
आणि जानेवारीत त्यानं तिकडं सही केली.
मला कळलं ते वड्याच्या गाडीवर, भलत्याच्याच तोंडून.
याला चार अपुरे.
पण त्याच महिन्यात त्याच्या अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं,
हेही मला ठाऊक. म्हणून दोन.
मग खोडून तीन. तिथं कागद फाटला.

‘घाबरलेला’ सोपं गेलं. एक.
खोटं होतं, पण सोपं.

एक गोष्ट कागदात नव्हतीच.
हात झोंबत होते.
पहाटे चारपासून आईच्या कांडपावर उभा होतो.
एप्रिल म्हणजे दारापासून कोपऱ्यापर्यंत डब्यांची रांग,
संकेश्वरी, ब्याडगी, झाकणावर खडूनं नावं.
साबण लावा, खोबरेल चोळा,
तिखट नखात बसून राहतं,
आणि ग्लोव्हजमध्ये घाम फुटला की उठतं.
सर सांगत होते, डोकं थंड ठेव.
डोकं थंडच होतं.

एक-एक. टायब्रेकर.
चौथ्या किकला तौफिक आला आणि हलगी थांबली.
त्यानं डावा मोजा वर ओढला.

आठवीपासून, दुधाळीच्या मैदानापासून मला माहीत आहे,
डावा मोजा ओढला की बॉल माझ्या उजवीकडं.
मला माहीत आहे, हे त्याला माहीत आहे.
तरी ओढला.
सवय? थट्टा? की मला दिलेलं काहीतरी,
लोकांसमोर देता येईल एवढंच?
एवढा विचार करायला अर्धा क्षण लागतो.
गेलो मी उजवीकडंच.
बोटं लागली बॉलला, लागली नक्की,
पोस्टला घासून आत.

बाटल्या पडत होत्या, पोलीस शिट्ट्या मारत होते,
मॅडम तिथंच, जिन्याखाली, दुसरा कागद घेऊन.
‘भावनांचा खेळावर परिणाम झाला?’
झाला. नाही झाला. सांगता येत नाही.
मी तिन्हींवर खूण केली.
त्यांनी काही म्हटलं नाही. पाणी दिलं.

पंधरवड्यानं त्यांनी आलेख दाखवला.
राग चढतो तसा खेळ चढतो, एका उंचीपर्यंत,
मग उतरण. जोतिबाच्या डोंगरासारखी रेष,
अंगाखांद्यावर पोरांचे ठिपके.
एक ठिपका खाली रानात, एकटाच.
नाव त्या सांगणार नव्हत्या. मी ओळखला.
‘हा वगळावा का, ठरत नाहीये,’ म्हणाल्या.
मी विचारलं, हात झोंबत असले तर ते कुठं लिहायचं?
त्यांनी समासात पेन्सिलीनं लिहिलं, ‘हात’.
पुढं प्रश्नचिन्ह.

सोमवारी तौफिक कांडपावर आला,
तीन किलो मिरची, झाकणावर त्याच्या अम्मीचं नाव.
रांगेत उभा राहिला, मध्ये घुसला नाही.
नंबर आला तसा मी डबा ओढला.
‘तिखट किती?’
‘नेहमीचंच.’
मी बटण दाबलं. मशीन चालू असलं
की शेजारी उभं राहून बोललेलंही ऐकू येत नाही.
तो काहीतरी बोलला.
बराच वेळ बोलला.
मी मान हलवत राहिलो,
आणि चाळण झाडली.